सन १९५६ : पंढरपुरातून एका सालाची उजळणी



डिसेंबर उजाडला की दैनिकांत सरत्या वर्षाचा आढावा येऊ लागतो. कोणते कायदे झाले, कोठे गाड्या घसरल्या, कोण थोर पुरुष काळाच्या पडद्याआड गेले, याच्या याद्या निघतात. स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुले त्या कापून वहीत चिकटवतात. या वेळी या सदरात आपण सरते साल न घेता एक जुने साल घेऊ. ते साल म्हणजे १९५६.

तुम्ही म्हणाल, त्या सालात आम्हांला न ठाऊक असलेले असे काय आहे? चौदा ऑक्टोबर आणि सहा डिसेंबर या दोन तारखा तर आपल्या घरात शेंबडे पोरही सांगते. अगदी खरे. पण बाजारातले एखादे सामान्यज्ञानाचे पुस्तक उघडून पाहा. तिथे १९५६ म्हणजे राज्य पुनर्रचना, आयुर्विमा महामंडळ, दुसरी पंचवार्षिक योजना आणि मेलबर्नचे हॉकीचे सुवर्णपदक. दीक्षेला एक ओळ मिळाली तर मिळाली. उलट आपल्या पुस्तिका उघडल्या तर त्या सालात दीक्षा आणि महापरिनिर्वाण सोडून दुसरे पानही हलले नाही असे वाटावे. त्यांचे साल निराळे आणि आपले साल निराळे, असा हा हिशेब झाला आहे. वास्तविक साल एकच होते. दोन्ही याद्या शेजारी ठेवून वाचल्या की काही गोष्टी अशा दिसतात, ज्या एकेकट्या यादीत दिसत नाहीत.

सालाची सुरुवातच गोळीबाराने झाली. १६ जानेवारी १९५६ ला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असे जाहीर केले आणि मुंबई पेटली. गिरणगावातल्या कामगारांवर गोळ्या चालल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे शंभरावर हुतात्मे झाले, त्यांतले कितीतरी या एका आठवड्यातले. ६ फेब्रुवारीला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. समितीत समाजवादी होते, कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, आणि आपला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनही होता. हे आपल्या पोरांना आवर्जून सांगावे, कारण हुतात्म्यांच्या कार्यक्रमात हे नाव फार क्वचित घेतले जाते. बाबासाहेबांनी भाषावार प्रांतांवरचे आपले इंग्रजी पुस्तक त्या आधी दोन महिनेच, म्हणजे डिसेंबर १९५५ मध्ये लिहून पुरे केले होते.

त्याच फेब्रुवारीच्या ४ तारखेला 'जनता' पत्राचे नाव बदलून 'प्रबुद्ध भारत' झाले. मूकनायक, बहिष्कृत भारत, जनता आणि आता प्रबुद्ध भारत. मुका, बहिष्कृत, मग जनता आणि शेवटी प्रबुद्ध! या चार नावांतच छत्तीस वर्षांची चळवळ आहे. धर्मांतराची तारीख अजून जाहीर व्हायची होती, पण पत्राच्या मथळ्यावर ती आधीच उमटली होती असे म्हटले तरी चालेल.

फेब्रुवारीच्या उत्तरार्धात बारा दिवसांत देशाने तीन माणसे गमावली. या तिघांची नावे आपल्या घरात फारशी घेतली जात नाहीत, म्हणून त्यांच्याजवळ थोडे थांबतो.

पहिले डॉ. मेघनाद साहा. १६ फेब्रुवारीला दिल्लीत योजना आयोगाच्या कचेरीकडे जात असताना वाटेतच हृदयविकाराने कोसळले आणि गेले. ढाक्याजवळच्या एका खेड्यातल्या गरीब दुकानदाराचा हा मुलगा. कलकत्त्याला शिकत असताना वसतिगृहातल्या वरच्या जातीच्या मुलांनी त्याला आपल्या पंगतीला बसू दिले नाही. त्याच मुलाने पुढे, १९२० साली, ताऱ्यांच्या उष्णतेचे गणित मांडले आणि जगभरच्या ज्योतिर्विदांना ते शिकावे लागले. १९५२ साली साहा लोकसभेवरही निवडून गेले. आजच्या विषयाशी त्यांचा आणखी एक संबंध आहे. देशात प्रांताप्रांतांची निरनिराळी पंचांगे चालतात, त्यांऐवजी सूर्याच्या गणिताला धरून एकच राष्ट्रीय दिनदर्शिका असावी, यासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. ती दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. साल कसे मोजावे हे देशाला सांगणारा माणूस ते मोजमाप सुरू होण्याच्या आधीच गेला. आकाशवाणीवर इंग्रजी तारखेमागोमाग जी शकाची तारीख सांगत आले, तिच्यामागे पंगतीतून उठवलेला हा मुलगा आहे.

दुसरे आचार्य नरेंद्र देव. १९ फेब्रुवारीला दक्षिणेत इरोड येथे त्यांचे निधन झाले. काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक, लखनौ आणि बनारस या दोन्ही विद्यापीठांचे कुलगुरू, आणि आयुष्यभराचे दमेकरी. समाजवादी म्हणून त्यांना पुष्कळ जण ओळखतात. पण पाली-संस्कृत ग्रंथ मुळातून वाचून त्यांनी 'बौद्ध धर्म दर्शन' हा भला मोठा हिंदी ग्रंथ लिहिला, हे किती जणांना ठाऊक आहे? तो ग्रंथ त्यांच्या निधनानंतर छापून आला आणि १९५७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. योगायोग पाहा. बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्याचा धम्म' हा ग्रंथही १९५७ सालीच, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. भगवान बुद्धावर ग्रंथ लिहिणारे दोन थोर पुरुष एकाच साली गेले आणि दोघांनाही आपले पुस्तक छापील हातात घेता आले नाही.

तिसरे दादासाहेब मावळणकर, लोकसभेचे पहिले अध्यक्ष, २७ फेब्रुवारीला अहमदाबादेत वारले. यांचा आमच्या पंढरपूरशी संबंध आहे. १ मे १९४७ रोजी साने गुरुजी विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषणाला बसले. दहा दिवस ते चालले. बडवे मंडळींशी बोलणी करून मार्ग काढण्याची मध्यस्थी ज्यांनी केली, त्यांत मावळणकर होते. १० मे रोजी उपोषण सुटले.

तोवर आपल्या लोकांना मर्यादा कोठवर होती? महाद्वारासमोर नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे, तिथवर. चोखोबा मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना कूस कोसळून दगडांखाली गेले, आणि त्यांच्या अस्थी आणून देवाच्या दाराशी पुरल्या, असे परंपरा सांगते. म्हणजे संत झाले तरी दाराबाहेरच. सहाशे वर्षे आपल्या आज्या-पणज्या त्या समाधीला डोके टेकून, कळसाकडे पाहून, माघारी फिरत होत्या.

(मार्चमध्ये, २० तारखेला, दिल्लीत कवी बा. सी. मर्ढेकर गेले. वय अवघे सेहेचाळीस. त्यांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला होता आणि त्यातून ते निर्दोष सुटले होते. शहरातल्या गर्दीतल्या माणसाचे जिणे त्यांनी मराठी कवितेत आणले. मराठीच्या पाठ्यपुस्तकामुळे त्यांचे नाव तुमच्या मुलांना माहीत असेलच, म्हणून फार लिहीत नाही.)

२४ मेची बुद्धजयंती त्या साली सगळ्या जगाने साजरी केली, कारण महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाली असे परंपरेचे गणित होते. भारत सरकारने टपाल तिकिटे काढली, समारंभ केले. मुंबईत नरे पार्कच्या सभेत बाबासाहेबांनी येत्या ऑक्टोबरात आपण बौद्ध धम्म स्वीकारणार असे जाहीर केले. सरकार पंचवीसशे वर्षांपूर्वीच्या बुद्धाचा सोहळा करीत होते आणि बाबासाहेब येत्या पाच महिन्यांतल्या बुद्धाची तयारी करीत होते, एवढाच फरक!

जून महिना भगिनींसाठी महत्त्वाचा आहे. १७ जून १९५६ रोजी हिंदू वारसा कायदा अमलात आला. बापाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका वाटा मिळण्याचा आणि स्त्रीला आपल्या मालमत्तेची पुरी मालकी असण्याचा हक्क या कायद्याने दिला. याच बिलासाठी बाबासाहेबांनी रात्रीचा दिवस केला होता, आणि ते बासनात गुंडाळले जाते आहे हे पाहून १९५१ च्या सप्टेंबरात कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला होता. पुढे सरकारने त्याच हिंदू कोडाचे चार तुकडे केले. विवाहाचा तुकडा १९५५ मध्ये मंजूर झाला. वारसा, अज्ञानपालकत्व आणि दत्तक-पोटगी हे तीन १९५६ च्या जून, ऑगस्ट आणि डिसेंबर महिन्यांत. शेवटचा तुकडा आला २१ डिसेंबरला, बाबासाहेब जाऊन पंधरा दिवस झाल्यावर.

कायद्याच्या नावात 'हिंदू' शब्द आहे म्हणून काही भगिनींना वाटते की आपण बौद्ध, आपल्याला तो लागू नाही. तसे नाही. कायद्याच्या दुसऱ्याच कलमात बौद्ध, जैन आणि शीख यांना तो लागू असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या जमिनीत मुलीला जन्मतः वाटा मात्र १९५६ ने दिला नाही. तो महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीने आणि साऱ्या देशात २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. तेव्हा भावाने हक्कसोड पत्रावर अंगठा मागितला तर निदान आपण काय सोडतो आहोत एवढे विचारून मग काय ते करावे. बहिणीने साडीचोळीवर समाधान मानायचे, हा रिवाज बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरांतही चालतो, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

जुलैत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करणारे तेच, आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले तेव्हा मंत्रिमंडळात नसलेलेही तेच. २१ जुलैला कच्छमध्ये अंजारला भूकंप होऊन शंभरावर माणसे दगावली. ४ ऑगस्टला तुर्भ्याला 'अप्सरा' ही देशातली पहिली अणुभट्टी चालू झाली. २ सप्टेंबरला महबूबनगरजवळ पूल खचून रेल्वेगाडी नदीत गेली, शंभरावर बळी गेले. रेल्वेमंत्री लालबहादूर शास्त्री यांनी राजीनामा दिला, पण पंतप्रधानांनी तो घेतला नाही. नोव्हेंबरच्या २३ तारखेला मद्रास राज्यात अरियालूरला पुन्हा तसाच अपघात झाला, तेव्हा मात्र शास्त्रीजींनी ऐकले नाही. राजीनामा देणारा मंत्री म्हणून त्यांचे नाव अजून घेतात, यावरून नंतरच्या मंत्र्यांविषयी काय समजायचे ते वाचकांनी समजावे.

२६ सप्टेंबरला लक्ष्मणराव किर्लोस्कर वारले. लाकडी नांगराने जमीन नुसती ओरखडणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती ज्यांनी लोखंडी नांगर दिला, ते हे. सुरुवातीला लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक नांगर घ्यायला तयार नव्हते. नवी वस्तू आली की आधी बाट लागण्याचे भय, हा आपल्या देशाचा जुना रोग आहे.

याच सप्टेंबरात संसदेत एक लहानशी दुरुस्ती झाली. वर्तमानपत्रांनी तिची फारशी दखल घेतली नसेल, पण आपल्या समाजावर तिचा परिणाम पुढे चौतीस वर्षे होत राहिला. अनुसूचित जातींच्या यादीचा जो राष्ट्रपतींचा आदेश आहे, त्यात हिंदूंच्या जोडीला शीख धर्म घालण्यात आला. बौद्ध त्यात नव्हते. म्हणजे अवघ्या तीन आठवड्यांनी नागपूरला जे लाखो लोक दीक्षा घ्यायला निघणार होते, ते केंद्र सरकारच्या दप्तरी सवलतींतून बाहेर पडणार होते. आणि तसेच झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याने नवबौद्धांना आपल्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचा दरवाजा १९९० पर्यंत बंद होता. चौदा ऑक्टोबरचे वर्णन करताना आपण पांढरी वस्त्रे, जनसागर आणि बावीस प्रतिज्ञा यांविषयी भरभरून लिहितो, ते योग्यच आहे. पण त्या माणसांनी हातचे काय सोडले, तेही लिहावे. पोराची शिष्यवृत्ती, सरकारी नोकरीतली राखीव जागा. सवलतीसाठी धर्म बदलला असे जे कोणी म्हणतात, त्यांना ही तारीख दाखवावी.

दीक्षेचा दिवस अशोक विजयादशमीचा होता. कुशीनाराचे पूज्य भिक्खू चंद्रमणी महास्थविर यांनी त्रिशरण-पंचशील दिले, आणि मग बाबासाहेबांनी स्वतः जनसमुदायाला दीक्षा दिली. दुसऱ्या दिवशी भाषण आणि १६ ला चांद्याला पुन्हा दीक्षा समारंभ. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या हद्दीत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ मध्ये ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली. एवढा आकडा एका दशकात बदलल्याचे उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

एक गोष्ट मात्र त्या दिवसाच्या वर्णनांत कोणी सांगत नाही. चौदा ऑक्टोबरला नागपूर महाराष्ट्रात नव्हते, मुंबई राज्यातही नव्हते. ते मध्य प्रदेशाची राजधानी होते. अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ व मराठवाडा मुंबईच्या द्विभाषिक राज्यात आले. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले.

पंढरपुरात बसून पाहिले तर हे फार चांगले दिसते. तोवर आषाढी-कार्तिकीला जे वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात जमत, ते तीन राज्यांतून येत. सोलापूर-पुण्याचा मुंबई राज्यातला, परभणी-नांदेडचा हैदराबाद राज्यातला, अमरावती-अकोल्याचा मध्य प्रदेशातला. भाषा एक, आणि सरकारे तीन. त्या साली कार्तिकी एकादशी दसऱ्यानंतर महिन्याने, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्याला आली. पुनर्रचनेनंतरची ती पहिली वारी. बहुतेक मराठी वारी एकाच राज्यात चालली ती त्या कार्तिकीपासून. संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासात हे कोणी नोंदवले असल्यास मला आनंदच होईल.

त्याच सुमारास बाबासाहेब काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत होते. तिथून सारनाथ, कुशीनारा करीत ३० नोव्हेंबरला दिल्लीला परतले. पाच डिसेंबरच्या रात्री 'बुद्ध आणि त्याचा धम्म'च्या प्रस्तावनेचे काम केले आणि सहाची सकाळ त्यांनी पाहिली नाही. अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात झोपेतच ते गेले. त्याच सहा डिसेंबरला तिकडे मेलबर्नला हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानचा एक-शून्य असा पराभव करून सलग सहावे सुवर्णपदक जिंकले. सात तारखेच्या वर्तमानपत्रांकडे देशातल्या निरनिराळ्या घरांनी कशा निरनिराळ्या डोळ्यांनी पाहिले असेल, याची कल्पना करावी.

सात डिसेंबरला मुंबईत दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. आचार्य अत्र्यांनी भाषण केले, भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच लाखावर लोकांना दीक्षा दिली. मुंबईचा दीक्षा समारंभ १६ डिसेंबरला व्हायचा होता, तो चितेजवळ झाला. आमच्या भागातल्यांना मुंबई गाठणे सोपे नव्हते. पंढरपूरहून बार्शी लाईटची अरुंद गाडी धरायची, कुर्डुवाडीला उतरायचे, तिथून मोठ्या गाडीत शिरायचे. बातमी कळून मग निघालेल्या किती जणांना ती संध्याकाळ गाठता आली असेल, सांगता येत नाही.

आणि मग २० डिसेंबर. बाबासाहेबांनंतर चौदा दिवसांनी अमरावतीजवळ पेढी नदीच्या परिसरात प्रवासातच गाडगेबाबांनी देह ठेवला. वय ऐंशी. नोव्हेंबरात मुंबईला वांद्र्याच्या पोलीस वसाहतीत त्यांनी कीर्तन केले होते. ते शेवटचे ठरले. बाबासाहेबांच्या निधनाचा धक्का त्यांना सोसला नाही, असे जुनी माणसे सांगतात. ऐंशी वर्षांच्या थकलेल्या देहाला मरणासाठी आणखी कारण लागते असे नाही, पण ही गोष्ट लोकांना का सांगाविशी वाटते ते समजण्यासारखे आहे. त्या दोघांना जोडणारी एक वास्तू आमच्या गावात आहे.

गाडगेबाबा दर वारीला पंढरपूरला येत. खराट्याने वाळवंट झाडीत, रात्री कीर्तन करीत, पण विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकीत नसत, असेच त्यांचे चरित्रकार सांगतात. वारीला येणाऱ्या आपल्या लोकांना गावात कोणी आसरा देत नसे. उघड्यावर, पावसात, आषाढात! म्हणून त्यांनी १९२० च्या सुमारास लोकवर्गणीतून चोखामेळा धर्मशाळा बांधली. जातीने परीट असलेल्या या माणसाने दगडविटांचे हे मोठे काम आमच्यासारख्यांसाठी केले. पुढे मराठा धर्मशाळा, नाशिक, देहू, आळंदी येथल्या धर्मशाळा झाल्या. यांपैकी एकाही ठिकाणी ते स्वतः मालकासारखे राहिले नाहीत.

१९४९ साली ही चोखामेळा धर्मशाळा गाडगेबाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या एका कृतीकडे नीट पाहावे. १९४७ मध्ये मंदिराचे दार उघडले होते. आता धर्मशाळेचे काम वाढायला हवे होते, कारण दर्शनाला येणारे वाढणार. पण देवळाबाहेर थांबलेल्यांसाठी बांधलेली ती इमारत गाडगेबाबांनी शिक्षण संस्थेला देऊन टाकली. भांडी विका पण पोराला शाळेत घाला, अशी शिकवण जन्मभर देणारा माणूस दुसरे काय करील? आणि मंदिर प्रवेशाचा लढा काळाराम मंदिरापाशी लढून, १९३५ ला येवल्यात त्याच्याकडे पाठ फिरवलेला माणूस तरी दुसरे काय मागेल? एकाने देवळात न जाता कीर्तन केले, दुसऱ्याने देवळाचा नाद सोडून महाविद्यालये काढली. दोघांची गाठ पडली ती चोख्याच्या नावाच्या धर्मशाळेत.

आता आपल्या घरातल्या एका नाजूक गोष्टीकडे येतो. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला या भागात आपल्या कितीतरी घरांत दीक्षेपूर्वी वारी होती. दीक्षेनंतर देव नदीत सोडले, माळा उतरवल्या. काही म्हाताऱ्यांनी माळ उतरवली पण आषाढ आला की त्यांचा पाय घरात ठरत नसे. त्यांच्यावर पोरांनी तोंडसुख घेतले. अजूनही कोठे कोठे सुनेने आजेसासूच्या नावाने बोटे मोडण्याचे निमित्त हेच असते. मला विचाराल तर प्रतिज्ञा घेतली ती पाळावी, यात शंका नाही. पण ज्यांनी प्रतिज्ञा दिल्या, त्यांनीच आपल्या १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या इंग्रजी ग्रंथाची अर्पणपत्रिका नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला वाहिली आहे, हेही सुनेने वाचावे. चोख्याची भक्ती टाकली म्हणून चोख्याला टाकायचे असा त्याचा अर्थ होत नाही.

दुसरी बाजूही सांगतो. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना बाबासाहेब म्हणाले होते की पंढरपूरचा विठोबा ही मुळात बुद्धाची मूर्ती आहे आणि आपण त्यावर प्रबंध लिहिणार आहोत. तो प्रबंध पुरा व्हायला त्यांना आयुष्य मिळाले नाही. पुढे डॉ. रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठल मुळात गवळी-धनगरांचा देव असल्याचे मांडले आणि संतांनी त्याला बुद्ध म्हटल्याची परंपराही तपासली. आपल्यातले काही कार्यकर्ते सभेत हा प्रश्न निकाली निघाल्यासारखे बोलतात. तो निकाली निघालेला नाही. ज्यांना खरेच आस्था आहे त्यांनी घोषणा न देता ग्रंथ वाचावेत, आणि आपल्यातल्या एखाद्या संशोधक मुलामुलीने अपुरा राहिलेला विषय हाती घ्यावा. बाबासाहेबांनी घोषणेपुढे जाऊन प्रबंध लिहिण्याचे योजले होते.

मंदिराचे पुढे काय झाले, तेवढे सांगून टाकतो. १९७३ च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क रद्द केले. खटला चाळीस वर्षे चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो संपवला. ज्या दारात चोखा थांबला त्या दाराचा मालक कोण, हे ठरायला एवढा काळ लागला.

सन १९५६ चे आणखी बरेच राहिले आहे. पंढरपूर, मंगळवेढा, सांगोला, माढा या भागातून सात डिसेंबरला मुंबईस गेलेले, किंवा निघून वाटेतून परत फिरलेले कोणी तुमच्या घरात असतील किंवा होऊन गेले असतील, तर त्यांनी सांगितलेले लिहून पाठवा. कोणत्या स्टेशनावर गाडी धरली, बातमी कोणी आणली, सोबत कोण होते, घरातले देव कधी आणि कोणत्या नदीत सोडले, एवढे आले तरी पुरे. चोखामेळा धर्मशाळेत राहून शिकलेल्यांनीही लिहावे. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस असावा, अक्षर लागेल असे असावे, आणि सांगणाऱ्याचे त्या वेळचे वय व गाव जरूर लिहावे. निवडक पत्रे जानेवारीच्या अंकांतून याच जागी येतील.